कांताच्या वहीतला मुका खेळ

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला जोडायचा नव्हे. तळहातावर मावणारा, साबणाच्या वडीएवढा. माझ्या पोटात एक राखाडी आभाळ आहे. त्या आभाळाच्या तळाशी पाणी, पाण्यात होडी, होडीत एक टोपीवाला माणूस. आभाळातून तारे सुटतात आणि त्यानं ते होडीत झेलायचे. डावं बटण दाबलं की होडी डावीकडे सरकते, उजवं दाबलं की उजवीकडे. तारा झेलला की मी वाजतो, टिंग. चुकला तर तो पाण्यात विरघळतो आणि मी हळूच म्हणतो, टुंग. शिवाय माझ्यात घड्याळ आहे आणि घड्याळाला गजर आहे. आता बोलायला लागलोच आहे तर खरं सांगतो, मला माझ्या ताऱ्यांपेक्षा माझ्या आवाजाचा अभिमान जास्त होता.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एक निळसर दिवा आठवतो, आणि मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा मान डोलावणारी एक बाई. त्यानंतर लांबच लांब झोप. त्या झोपेत माझा नावाडी वल्हं मांडीवर घेऊन बसून होता आणि एकही तारा पडत नव्हता. जाग आली ती एकदम पुलगावात, बाबारावांच्या घड्याळाच्या दुकानात. साल होतं शहाऐंशी.

बाबाराव घड्याळं दुरुस्त करत आणि आमच्यासारखे खेळ अर्धा-अर्धा तास खेळायला देत. काचेच्या पेटीत आम्ही पाच जण होतो. एक आगगाडीचा, एक माकडाचा, एक मोटारीचा, एक पाणबुडीचा आणि मी. बाजाराच्या दिवशी पोरं पेटीभोवती गर्दी करत. आम्ही सगळे एकदम वाजायला लागलो की बाबाराव डोळ्याला लावलेलं भिंग काढून म्हणत, "हे दुकान हाय का लग्नाचा बँड?"

तिथंच मला कांता भेटली. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची सवय. ती नाचणगावची. दर बाजाराला आजोबांचं बोट धरून यायची. आजोबा, म्हणजे नत्थूजी, त्या भागातले नामांकित बैलपारखी होते. बैल घ्यायचा तर माणसं आधी नत्थूजींना दाखवायची. ते चाल बघत, दम बघत, आणि मग विकणाऱ्याला शांतपणे विचारत, "खोड सांग. बिनखोडीचा बैल देवानं केलाच नाई."

नातीनं आजोबांची विद्या उचलली आणि आमच्यावर चालवली. पेटीतला कोणताही खेळ तिच्या हाती द्यावा, दोन बाजारांत ती त्याचा निकाल लावायची. बाबारावांना तिचं कौतुक वाटे. नवा खेळ आला की ते आधी तिला खेळायला लावत आणि म्हणत, "सांग बाई, जनावर कसं हाय?" कांता तिथंच बसून एका चाळीस पानी वहीत सगळं लिहून ठेवी. प्रत्येक खेळाचं एक पान. चाल, दम, खोड.

मोटारीच्या खेळाला ती म्हणाली होती, दिसायला देखणा, कामाला आळशी, धावतो पण वळत नाही. माकड म्हणजे घाण्याचा बैल, एकाच वाटेनं फिरतो, डोकं लागत नाही. आगगाडी शंभर गुणांपर्यंत गरीब असते, पुढे उधळते. पाणबुडीवर तर तिचा रागच होता. तिच्या मते त्या खेळात न्याय नव्हता. आपण बरोबर असलो तरी मारतो, असं जनावर दारी बांधू नये.

माझ्याबद्दल तिनं काय लिहिलं ते मी तिच्या मांडीवर पडून वाचलं. "शांत आहे. हरलं तरी रागवत नाही, पुन्हा तारे पाडतो. डावं बटण जड." इथवर वाचून माझं आभाळ भरून आलं. मग तिनं पेन्सिल थुंकीत भिजवून पुढचं लिहिलं. "मुका आहे. पण चालेल, बैलही मुकाच असतो."

मित्रांनो, मला किती लागलं म्हणून सांगू. तासभर मी तिच्या हातात टिंग-टिंग करत होतो. अंगात होता नव्हता तेवढा जीव लावून. आणि ही मला मुका म्हणते.

पुढं नत्थूजींनी बाबारावांच्या भावाला एक झकास जोडी पारखून दिली. त्या आनंदात बाबारावांनी मला कांतालाच देऊन टाकलं. नाहीतरी माझ्यासारख्या शांत खेळाला गिऱ्हाईक कमीच होतं. असा मी नाचणगावच्या त्या घरात आलो.

घरात कांताची आई होती, रुख्मिणी. वर्ध्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. लहानसहान गोष्टीनं जीव टांगणीला लावून घेणारी. पोरीला शिंक आली की हिच्या मनात न्यूमोनिया येई. मला पाहताच तिच्या कपाळाला आठी पडली. असल्या काचेकडे पाहून मुलांचे डोळे जातात असं तिनं पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं. माझ्याशी खेळायची मुभा दिवसाला अर्ध्याच तासाची होती. दर रविवारी ती कांताला ओसरीच्या या टोकाला उभं करी आणि त्या टोकाच्या कॅलेंडरवरची तिथी वाचायला लावी. कांता बारीकातली बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवी. तरी आईचं समाधान होत नसे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. डोळ्यांत तेल घालून ती पोरीच्या डोळ्यांवर पहारा देत होती.

तेल मात्र दुसरीकडेच पडत होतं. कांताचे कान दर पावसाळ्यात वाहायचे. तिची आजी, देवकाबाई, लसूण घालून तेल कोमट करी, पोरीला मांडीवर आडवं घेई आणि मायेनं कानात थेंब सोडी. वाहून गेला की कान मोकळा होतो, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. कान वाहायचे थांबले की सगळे विसरत.

आणि हाकेला ओ देत नाही म्हणून कांता बोलणी खात होती. शाळेत गुरुजी म्हणत, पोरीचं ध्यान नाही. घरी सगळ्यांचं बोट माझ्याकडे. देवकाबाई म्हणत, "त्या डबीत जीव गेला व तिचा. इथं बोंबलून घसा सुकते अन् हे पाह्यत बी नाई."

त्या साली दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. कापसाचे दिवस होते. पुलगावच्या रस्त्यावर बैलबंड्या आणि ट्रक यांची रांग लागलेली. शाळा सुटून कांता रस्त्याच्या कडेनं येत होती. मी तिच्या मुठीत होतो, पण बंद. माझं आभाळ कोरं होतं आणि नावाडी झोपला होता. मागून ट्रकनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. माझ्या अंगातला पत्रा थरथरला इतका मोठा. कांता चालतच राहिली, आपल्याच तंद्रीत, हळूहळू रस्त्याच्या मध्यावर सरकत. गावातला तानबा बंडी हाकत समोरून येत होता. त्यानं कासरे टाकले, उडी मारली आणि तिला दंडाला धरून ओढलं. ट्रक आमच्या अंगावरून वारा घालून गेला.

तानबानं तिला घरी आणून पोचवलं. "हातात ते यंत्र होतं वहिनी," एवढंच तो म्हणाला. कांता रडत सांगत होती, "आई, बंद होतं ते. खरंच बंद होतं." कोणी ऐकलं नाही. रुख्मिणीनं मला तिच्या मुठीतून काढलं. पोरीला ती रागावली नाही. मग मला आपल्या लग्नातल्या पेटीत, शालूच्या घडीखाली ठेवलं आणि कुलूप घातलं.

त्या पेटीत डांबरगोळ्यांचा वास होता आणि जरीचा अंधार. शालूवरच्या बुट्ट्या माझ्या काचेवर टेकल्या होत्या. मला वाटे, हे माझेच तारे आहेत, न झेललेले, इथं येऊन थांबलेले. मी त्यांना सांगत राही की ती खेळत नव्हती हो. मी बंद होतो. पण खेळाला साक्ष कोण विचारतो?

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी रुख्मिणी कांताच्या वह्यांना नवी कव्हरं घालायला बसली. पेटी शेजारीच होती. वह्यांत ती चाळीस पानी वही निघाली. पोरीनं या खेळांपायी किती वेळ घालवला तेच बघू, म्हणून तिनं ती उघडली. आधी तिला हसू आलं असावं, कारण पाणबुडीच्या पानावरचं "असं जनावर दारी बांधू नये" तिनं मोठ्यानं वाचलं. आजोबांचीच नात. मग पान उलटायचा आवाज आला, आणि थांबला. मग भराभरा पानं मागं-पुढं झाली.

पाचही पानांच्या खाली मागाहून लिहिलेली एकच ओळ होती, रुख्मिणी ती पुटपुटत होती. "मुका आहे. भागीरथा म्हणते वाजतो. भागीरथेची थाप." भागीरथा म्हणजे कांताच्या बाकावरची मैत्रीण.

रुख्मिणी बाबारावांच्या दुकानात कितीदा गेली होती. त्या कलकलाटानं तिचं डोकं उठलं होतं. मुका? पाचही मुके?

कुलूप उघडलं. शालू बाजूला झाला. तिनं मला उचललं. कांता ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात तुरीची डाळ. रुख्मिणी तिच्या मागं तीन हातांवर जाऊन उभी राहिली आणि तिनं माझा गजर एका मिनिटावर लावला.

मित्रांनो, ते एक मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब. मग मी वाजलो. असा वाजलो, जणू पुन्हा कधी वाजणारच नव्हतो. अंगणातून देवकाबाईंचा आवाज आला, "काय किरकिर करून राह्यलं व ते? बंद काऊन नाई करत?" बाहेर बांधलेल्या बैलानं कान हलवला. कांता डाळीतला खडा वेचून बाजूला ठेवत होती. तिनं दुसरा खडा शोधला. तिसरा शोधला.

मी वाजून वाजून थांबलो. रुख्मिणी होती तिथंच खाली बसली. तेव्हा मला कळलं की माझा अपमान झालाच नव्हता. झालं होतं ते फार वाईट होतं, आणि ते माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पोरीला घेऊन वर्ध्याला गेली. कानाच्या डॉक्टरांनी बारीक दिवा लावून दोन्ही कान पाहिले. वर्षानुवर्षं वाहून पडद्यांना भोकं पडली होती. डावा जास्त खराब. तेल, पाणी, काही जायला नको, सुट्ट्यांत एक ऑपरेशन करू, दुसऱ्या कानाचं पुढं पाहू, असं ते म्हणाले. मुलगी तोंडाकडे पाहून निम्मं समजून घेते, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. हुशार आहे, असंही म्हणाले. त्या शब्दावर रुख्मिणीला रडू फुटलं, असं तिनं नंतर घरी सांगितलं.

घरात त्या संध्याकाळी कोणी नीट जेवलं नाही. देवकाबाई तेलाची वाटी हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिल्या. "मायी सासू बी असंच टाके," त्या कोणाकडे न पाहता म्हणाल्या. रुख्मिणीनं सासूच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली. "आत्याबाई, तुम्ही टाकत होत्या, मी पाहत होती. चुकलं ते दोघींचं."

नत्थूजी म्हणाले, "हजार बैलाच्या कानाले हात लावून ताप सांगतला म्या. घरच्या लेकराच्या कानाकडे नाई पाह्यलं."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. कांताच्या डोक्याला पांढरी पट्टी बांधली होती, आणि रुख्मिणीच्या जिवात जीव नव्हता. पडदा धरेल की नाही, हे पट्टी निघाल्यावर काही दिवसांनीच कळणार होतं. त्या दिवसांत तिनं मला कांताच्या उशाशी ठेवलं. खेळू मात्र कोणालाच दिलं नाही. पोरगी माझं कोरं आभाळ पाहत पडून राही आणि मी तिच्या डोळ्यांत तारे मोजत राही.

मग एका सकाळी कानातला कापूस कायमचा निघाला. कांता लिंबाखाली येऊन बसली आणि कितीतरी वेळ हललीच नाही. आजी सुपात डाळ पाखडत होती. त्या सळसळीला आवाज असतो हे तिला नवं होतं. वाळलेलं पान जमिनीला टेकतं त्यालाही असतो. तिनं आपलाच परकर मुठीत चुरगाळून पाहिला, सोडला, पुन्हा चुरगाळला. शेवटी मला घेतलं, बटण दाबलं. पहिला तारा झेलला. टिंग. ती दचकली. दुसरा झेलला आणि तोंड वाकडं केलं. "हा तर टिटवीवानी कोकलते," ती म्हणाली. मी त्या शब्दांना माझ्या जन्मातलं सगळ्यात मोठं कौतुक समजतो. त्याच दुपारी ती भागीरथेकडे गेली, वहीत तिच्या नावावर लिहिलेल्या पाच थापांची माफी मागायला.

माझे चांगले दिवस तिथं संपले, आणि ते संपले याचं मला दुःख नाही. ऐकायला इतकं काही मिळाल्यावर एका टिंगचं काय अप्रूप? बॅटरी संपली ती कोणी बदलली नाही. आता मी फळीवर असतो. नावाडी वल्हं मांडीवर घेऊन बसला आहे.

मित्रांनो, खेळ वाईट असतो की चांगला, ते तुमच्या आईला ठरवू द्या. आमच्यात खोडी आहेतच, कांतानं सगळ्या लिहून ठेवल्या आहेत. माझं मागणं वेगळं आहे. वर्गातला एखादा सोबती आठवडाभर तुमच्या हाकेला ओ देत नसेल, सांगितलेलं त्याला दोनदा सांगावं लागत असेल, तर त्याला खुळा ठरवू नका, आणि त्याच्या हातातली वस्तू हिसकू नका. हाक मोठी करण्याआधी दोन पावलं जवळ जा.

बॅटरी संपण्याआधी मी शेवटचं ऐकलं ते सांगून थांबतो. रुख्मिणी स्वयंपाकघरात होती. सवयच लागली होती तिला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची. "कांताऽऽ! जेवायले ये वं!"

कांता फळीपाशी उभी होती. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आई," ती म्हणाली, "हळू बोल नं. मी इथंच हाय."

स्वयंपाकघरात पळी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग रुख्मिणी बोलली, इतकी हळू की मलाही नीट कळलं नाही. कांताला कळलं. ती जेवायला गेली.