समासातलं नाव

"अजून मोठं कर," बाबा म्हणाले.

मी केलं. नकाशातला डोंगर लॅपटॉपच्या स्क्रीनभर पसरला. बाबांनी नाक जवळजवळ काचेला टेकवलं. काचबिंदूने एक डोळा केव्हाच नेला होता, दुसऱ्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

"तुम्ही काय बघणार, कपाळ!" आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "तिला बघू द्या की."

बाबा नकाशा कार्यालयात आरेखक होते. मोजणीवाले डोंगर चढून आकडे आणायचे आणि बाबा टेबलाशी वाकून शाईने त्या उंचीच्या रेषा काढायचे, केसाएवढ्या बारीक. जन्मभर हेच केलं. डोळे त्यातच गेले, असं आईचं मत, डॉक्टरांचं नव्हे. बदल्यात मिळालं काय, तर प्रत्येक नकाशाच्या चौकटीबाहेर, समासात, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत काढणाऱ्याचं नाव. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. प्रत्यक्ष नकाशा मात्र मी कधी पाहिला नव्हता. घरी आणायची परवानगी नव्हती, आणि पुढे कार्यालयाने सगळे रद्दीत काढले.

काल ते मला इंटरनेटवर सापडले. जुने सगळेच, कुणीतरी स्कॅन करून ठेवलेले. मी आनंदाने ओरडतच बाबांना फोन केला.

"माझं नाव आहे का गं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"असणारच! उद्या येऊन दाखवते," मी म्हणाले. बघितलं कुठे होतं मी!

"आता खाली जा," बाबा म्हणाले.

मी खाली सरकले. डोंगर संपला, नदी आली, नदी ओलांडली आणि थेट पुढचा नकाशा सुरू झाला. क्षणभर मला कळेचना. मग कळलं. सगळे नकाशे सलग जोडता यावेत म्हणून त्यांच्या कडा कापून टाकल्या होत्या. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. एकालाही समास नव्हता. बाबांचं अख्खं आयुष्य त्या कापलेल्या पट्टीत गेलं होतं.

"आलं का?"

मी चौथा उघडला. आई हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने स्क्रीन पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. नकाशातलं तिला ओ की ठो कळत नाही, माझं तोंड कळतं.

"अहो, आहे की!" ती म्हणाली. "चांगलं ठसठशीत आहे."

बाबांचा चेहरा असा काही फुलला की मला रडू आवरेना.

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

"कुठे आहे?"

"हे काय, उजव्या कोपऱ्यात."

बाबांनी नाक काचेपासून मागे घेतलं. आईच्या लक्षातही आलं नाही. जन्मभर तिने हे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं. आता भडकतील, असं मला वाटलं. भडकले असते तर बरं झालं असतं.

"अक्षर कसं आलंय गं?" त्यांनी हळूच तिला विचारलं.

"मोत्यासारखं," आई म्हणाली.

"हं. शाई चांगली मिळायची तेव्हा."

मग त्यांनी हात पुढे केला, काच चाचपत खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिले.