चित्रात नसलेले रान

मित्रांनो, मी जलरंगांतले एक जुने चित्र आहे. आल्प्सच्या खोऱ्यातले एक लहानसे गाव, चर्चचा टोकदार मनोरा आणि मागे लखलखता बर्फाचा उतार, एवढेच माझ्या अंगावर आहे. शहरातून आलेल्या एका चित्रकाराने मला रंगवले आणि तीन आठवडे पाहुणचार केल्याबद्दल बार्बला नावाच्या गावातल्या एका लहान मुलीच्या आजोबांना देऊन टाकले.

त्या उतारावर खरे तर फर वृक्षांचे दाट रान होते. त्यातली फांदीही तोडायची नाही, असा गावाचा पूर्वापार नियम होता. कारण वरून सुटणारा बर्फ ते रान अडवून धरी. चित्रकाराला मात्र ती काळी गर्दी खुपली. त्याने तिथे रंगच लावला नाही. जलरंगात पांढरे म्हणजे नुसता कोरा कागद.

साठ वर्षे मी त्यांच्या घराच्या भिंतीवर होते; पुढे तिथे बार्बला राही. मग गावात हॉटेल बांधायचे ठरले आणि लाकूड हवे झाले. बार्बलाच्या भाच्याने, फ्लुरिनने, मला उचलून गावसभेत नेले.

"बघा! पणजोबांच्या काळी इथे एक झाड नव्हतं. गाव वाहून गेलं का?"

बायकांना तिथे मत नव्हते. बार्बला दाराशी उभी राहून बोलली, "अरे, तेव्हा मी सात वर्षांची होते. रान होतं! त्याच्याखाली पहिलं घर माझं आहे."

"आत्या, तुझं वय झालं. चित्र कशाला खोटं बोलेल?"

"त्याच चित्रकाराने आजोबांचंही चित्र काढलं होतं, त्यात त्यांच्या गळ्यावरची मोठी गाठसुद्धा गाळली. म्हणून काय ती नव्हती?"

सगळे हसले. तिच्या बाजूने हसले, असे मला क्षणभर वाटले. मग एकामागून एक हात वर झाले आणि रान तोडायचे ठरले.

तिसऱ्या हिवाळ्यात, सकाळी, बर्फ सुटला. बार्बलाचा देह दुसऱ्या दिवशी घराच्या ढिगाऱ्याखाली सापडला. मी सभेच्या खोलीतच राहिले होते, म्हणून वाचले.

फ्लुरिनने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. तेव्हापासून मला कोणी पाहिलेले नाही. काच धुळीने आंधळी झाली आहे, कागदाला ओल चढते आहे. माझे काही चुकले असे कोणी म्हणत नाही, आणि बरोबर होते असेही म्हणत नाही.

दर वसंतात फ्लुरिन उतारावर फरची रोपे लावतो, असे खिडकीखालून जाणारी माणसे बोलतात. त्यांचे रान व्हायला सत्तर वर्षे लागतील. मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण त्या बाजूने शेळ्या नेताना तेवढे सांभाळा. रोपे अजून गुडघ्याएवढीच आहेत.