शेवटची तीन अक्षरं

छापखान्यात मी मुद्रितशोधक. बावीस वर्षांत नजरेतून एक वेलांटी सुटली नाही, म्हणून डोक्यात हवा गेलेली. फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक छपाईला आलं तेव्हा मालकांनी विचारलं, "फ्रेंच येतं का कुणाला?" तीन महिन्यांचा वर्ग मी दुसऱ्याच महिन्यात सोडला होता. तरी म्हणालो, "येतं की."

क्रियापदांच्या प्रत्येक रूपाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे आणि खाली देवनागरीत उच्चार लिहायचा, एवढंच काम. दिसेल ते फोडत मी आठवड्यात चाळीस पानं उरकली.

मग लेखिकाबाई आल्या. त्यांनी ils parlent वर बोट ठेवलं. "वाचा."

"इल्स पार-लेंट," मी ठणकावून वाचलं.

बाईंनी चष्मा काढला. "'ते बोलतात' असं म्हणायचंय ना? मग इल पार्ल. पार्ल हा एकच तुकडा. शेवटची तीन अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत."

"मग लिहायची कशाला?"

"तुमच्या घरात गप्प बसणारं कुणी नाही का? त्यालाही माणसांत मोजताच ना?"

घरात गप्प बसणारा मीच, त्यामुळे मुद्दा लगेच कळला.

तुकडे मोजायला त्यांनी युक्ती सांगितली: हनुवटीखाली हात धरायचा, ती जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. घरी सराव करताना बायकोनं विचारलं, "दाढ दुखतेय?"

"नाही, फ्रेंच."

"मग गुळण्या करा."

चाळीस पानं पुन्हा केली. आता दिसला ent की दाबला गळा. बाई il vient पाशी थांबल्या. खाली मी नुसतं 'इल वि' लिहिलं होतं.

"याचं काय केलंत?"

"गप्प केला."

"अहो, अनेकवचनातला गप्प बसतो. हा 'तो येतो', एकटाच. इल व्यँ. त्याला तरी येऊ द्या."

दारात मालक उभे होते. मान खाली घालून मी म्हणालो, "मला फ्रेंच येत नाही."

"ते पहिल्याच पानावर कळलं होतं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. चार दिवसांत सगळं नीट झालं. बाई फ्रेंचचे वर्गही घ्यायच्या; त्यानंतर मी त्यांच्याच वर्गात नाव घातलं.

परीक्षेत शंभरात एकेचाळीस मिळाले. बायकोनं कागद उलटसुलट पाहिला.

"पास व्हायला किती लागतात?"

"चाळीस."

"मग एक जास्तच आलं की तुम्हाला," ती म्हणाली.