नमस्कार, हरेश

"आत्या, तू नुसतं एकदा गा. तुझ्या एका गळ्यातून वीस बायका काढून दाखवतो," हरेश म्हणाला, आणि ओटीवर बसलेल्या भावकीकडे त्यानं असं पाह्यलं, जणू त्या विसातल्या चार-पाच आताच खिशातून काढून बसवल्यात.

हौसाआत्या शेणवे गावची धवलारीण. लग्नात धवळे म्हणणारी बाई. तिनं गाण्यातून देवांना हाक मारल्याशिवाय तिकडं नवरीला हळद लागत नाय. पण धवळा एकटीनं म्हणायचा नसतो. एकीनं उचलायचा, मागच्यांनी झेलायचा. झेलणाऱ्यांतली गोदू मागच्या साली वारली, सोमी लेकीकडं भिवंडीला गेली ती तिकडचीच झाली, आणि नव्या पोरींना धवळ्याची एक ओळ येत असेल तर शपथ. म्हणून आत्यानं साफ सांगून टाकलं होतं, की मागं बायका नसतील तर अक्षदाच्या हळदीला मी तोंड उघडणार नाय. एकटीचं गाणं मयताला बरं.

अक्षदा म्हणजे हरेशची धाकटी बहीण. हळद रविवारवर आलेली. आणि धवळ्याशिवाय पोरीला हळद लावायची नाय, यावर त्याची आई अडून बसलेली.

"मशिनीतल्या बायका?" आत्यानं विचारलं.

"तुझ्याच आवाजातल्या. त्या मागं झेलतील, तू पुढं उचल."

"चहा मागतील का रे त्या?"

"नाय."

"मग चालतील," आत्या म्हणाली.

हरेशचा स्टुडिओ भाताच्या गिरणीच्या माळ्यावर. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. गिरणी बंद असली की गाणं भरायचं, चालू झाली की चहा प्यायचा. गाणी भरायला तो ऑर्बिटोन नावाचं सॉफ्टवेअर वापरायचा. कुठल्याशा थंड देशात बनलेलं, हलकंफुलकं, त्याच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला झेपणारं एवढं एकच. आणि वीस बायका निघणार होत्या त्या 'घोळका' नावाच्या प्लगइनमधून. प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरला मागून जोडायचं सामान, ट्रॅक्टरला नांगर जोडतात तसं. घोळक्यात एक आवाज घातला की वीस निघतात, कुणी जरा पुढं, कुणी जरा मागं, हुबेहूब मांडवातल्या बायकांसारखे.

हरेशनं घोळक्याचं पान उघडलं. कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतो ते तिथं लिहिलेलं. बड्या बड्या नावांची रांग होती. एक तर असं होतं, जे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. ऑर्बिटोन नव्हतं. त्यानं पान खाली सरकवलं, वर सरकवलं, चष्मा पुसला. मग खालून गिरणी चालू झाली आणि तो चहा प्यायला विसरला.

घरी आला तो तोंड उतरवूनच. बायकोनं, सारिकानं, भाकरी थापता थापता सगळं ऐकलं.

"घोळका? अवो, ते आमची पियूच बनवते ना."

पियू म्हणजे तिची धाकटी बहीण प्रियांका, सापगावची. ऐरोलीला कॉम्प्युटरचं कायतरी करते, एवढीच हरेशला खबर. लग्नासाठी सुट्टी टाकून ती आलेलीच होती आणि मागच्या दारी लसूण सोलत बसली होती. ज्या कंपनीला तो मघापासून मनात शिव्या देत होता, ती आपल्या घरात लसूण सोलतेय, हे कळल्यावर हरेश हातातल्या घासासकट ताटावरून उठलाच.

"काय गो, आमच्या ऑर्बिटोननं तुमचं काय घोडं मारलंय?"

"भावजी, नांगर बनवणारा कुठल्या ट्रॅक्टरच्या मापाचा बनवतो?" प्रियांका म्हणाली. "जो ट्रॅक्टर दारोदारी उभा असतो, त्याच्या. प्रत्येक सॉफ्टवेअरचं जोड वेगळं. एकेकासाठी वेगळं बनवायचं, वेगळं तपासायचं, मोडलं की वेगळं दुरुस्त करायचं. वापरणारेच नसतील तर कोण करल?"

"वापरणारे नाय? आख्खा मुरबाड ऑर्बिटोनवर गातोय. किन्हवली, सरळगाव, सगळीकडं मी स्वतः लावून दिलंय."

"ऑर्बिटोनवाले आमच्याकडं आकडा पाठवतात ना. ठाणे जिल्ह्यात ऑर्बिटोन वापरणारा माणूस एक."

"एक हजार?"

"एक."

हरेशच्या हातातला घास हातातच राहिला. मागोमाग आलेल्या सारिकानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"बस गाडीवर," तो मेव्हणीला म्हणाला. "तुला दाखवतोच."

किन्हवलीला किशोरचा स्टुडिओ, मोबाईलच्या दुकानामागं. साखरपुड्याची गाणी भरणारा हा पहिला माणूस. हरेशला बघून त्यानं खुर्ची पुसली आणि न सांगता ऑर्बिटोन उघडलं. पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत आलं: 'नमस्कार, हरेश.'

प्रियांका पडद्याकडं बघतच राहिली.

"हे नाव?"

"मान दिलाय कंपनीनं," हरेश म्हणाला. "मी ज्याला ज्याला देतो, त्याच्याकडं माझं नाव येतं. उगाच नाय."

"भावजी, तुमी हे विकत घेतलंत?"

"रोख. चोरीबिरी आपल्याला जमत नाय."

"आणि मग?"

"मग किशोरनं मागितलं. आपला पासवर्ड दिला. आता कोण दारात येऊन मागतो तर नाय कसं म्हणायचं? विरजण मागितलं तर देतोच ना आपण."

सरळगावला अनिलकडं, जो भजनी मंडळांच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो, तिथंही निळ्या अक्षरांत आलं: 'नमस्कार, हरेश.' अनिलनं तर सवयीनं पडद्याला हात जोडले.

"रोज सकाळी पयला तुमालाच नमस्कार, दादा," तो म्हणाला.

हरेश खुलला. प्रियांका मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती.

"कळतंय का तुमाला? कंपनीच्या हिशेबानं तुमी एकाच टायमाला शेणव्यात लग्नाची गाणी भरता, किन्हवलीत साखरपुड्याची आणि इथं भजनं. आणि झोपता कधी ते कुणाला ठावं नाय. हे सगळे मिळून एकच माणूस. तुमी वाटत गेलात, आणि जेवढं वाटलंत तेवढे एकावर एक रचत गेले. आमच्याकडं आले एक."

हरेशला आधी ते कळलंच नाय. कळलं ते गाडी चालू करताना, आणि त्यानं किक मारायच्या ऐवजी स्टँड काढला. गाडी दोघांसकट बाजूच्या भाताच्या पेंढ्यात गेली.

मुरबाडचा धर्मा हा त्यातला सगळ्यात मोठा. ढोल-ताशा, बँजो, डीजे, सगळं भरायचा. त्याच्याकडं नमस्कार झाला, पाणी झालं, आणि हरेशनं आपलं दुःख मांडलं: घोळका पायजे होता, पण आपल्या सॉफ्टवेअरवर चालत नाय.

"चालायचा की," धर्मा म्हणाला. "मागच्या साली. ट्रायलला पाठवलाता त्यांनी."

"कुणाला?"

"तुमाला. तुमच्या मेलवर. तो मेल आमी सगळेच उघडतो ना, किशोरनं पयला बघितला. मग सगळ्यांनी लावला. तुमाला कुणी सांगितलं नाय?"

हरेशनं भिंतीला हात टेकला. भिंतीला फोम होता, हात आत गेला.

"मग बंद का झाला?" त्यानं विचारलं.

"काय म्हाईत. आमी तर तक्रारी टायमावर पाठवायचो. त्यांनीच लिवलंतं, कायपण अडचण आली तर कळवा. मी लिवलं, आवाज येत नाय. नंतर कळलं, स्पीकरची वायर उंदरानं खाल्लीती."

"त्याच दुपारी दुसरी तक्रार आलीती," प्रियांका हळूच म्हणाली. "आवाज थांबत नाय."

"तो अनिल. त्याचं बटण अडकतं."

"आणि बायकांच्या आवाजात बापे ऐकू येतात?"

"किशोर. तो बाप्यांचाच आवाज घालायचा." धर्मानं तिच्याकडं कौतुकानं बघितलं. "तुमाला बरं सगळं पाठ हाय."

प्रियांका स्टुलावर बसली. ती बोलली, ते हरेशकडं न बघता.

"त्या तक्रारी मी वाचायची. नाव हरेश, पत्ता नुसता ठाणे जिल्हा. आमी म्हणायचो हा माणूस येडा तरी हाय, नायतर दुसऱ्या कंपनीनं सोडलेला. एक गिऱ्हाईक, आणि बाकी सगळ्या जगाची मिळून होत नाय तेवढी त्याची बोंब. साहेब म्हणाले, एका हरेशसाठी आख्खं ऑर्बिटोन कोण सांभाळणार, काढून टाका. आमच्या ऑफिसात अजून एखादा प्रोग्रॅम बिघडला ना, की म्हणतात याचा हरेश झाला."

धर्मा हसायला लागला होता. हरेशचं तोंड बघून त्यानं ते खोकल्यावर नेलं.

परतीच्या वाटेला हरेशनं गाडी हळूहळूच हाकली. आपल्या सॉफ्टवेअरला कोण वाळीत टाकतंय ते तो मोठ्या जोरात शोधायला निघालेला, आणि सगळीकडं त्याला निळ्या अक्षरांत त्याचंच नाव सापडलं होतं.

घरी हौसाआत्या ओटीवर वाट बघत होती.

"झाल्या का रे माझ्या बायका?"

हरेशनं मान खाली घातली. आत्यानं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं वळून बसली. आतून हरेशच्या आईनं एक भांडं आपटलं. अक्षदा कोपऱ्यात मुंडावळ्यांचे मणी ओवत होती, तिनं ओवायचं थांबवलं आणि नुसती आत्याच्या पाठीकडं बघत राहिली. ती रडली असती तर प्रियांकाला सोसलं असतं.

"भावजी, माळ्यावर चला," ती म्हणाली.

ऑर्बिटोनवर चालणारा घोळका ऑफिसात तयार पडला होता, नुसता बाजारात आणलेला नव्हता. तपासायला म्हणून प्रियांकाच्या नावानं एक प्रत होती, आणि ती तिच्या लॅपटॉपमध्ये होती. तिनं ती हरेशच्या कॉम्प्युटरवर चढवली. पडद्यावर आलं: 'नमस्कार, प्रियांका.'

"हे माझ्या नोकरीवर बेतलंय," ती म्हणाली. "हळद झाली की मी पुसून टाकणार. तवर कुणाला द्यायचं नाय. किशोर नाय, धर्मा नाय, देव आला तरी नाय. अक्षदाची शपथ घ्या."

"घेतली," हरेश म्हणाला, आणि ती खरीच मनापासून घेतली.

गिरणी बंद करवली. आत्यानं अंड्यांच्या ट्रेकडं एकदा संशयानं बघितलं आणि धवळा उचलला. हरेशनं बटण दाबलं. एका हौसाच्या वीस हौसा झाल्या. माळा आतून भरून गेला. आत्यानं डोळे मोठे केले, मग बारीक केले.

"सगळ्या माझ्यासारख्याच चुकतात रे," ती म्हणाली. "गोदू अशी नव्हती. मी चुकले की ती सावरायची." मग पदर सावरून, "पण आवाज करतात. चालतील."

रविवारी मांडव गच्च. आत्यानं पुढं उचललं, स्पीकरमधल्या वीसजणींनी मागं झेललं, अक्षदाला हळद लागली, आईनं पदरानं डोळे पुसले. तिसऱ्या कडव्यात घोळ झाला. गाणं भरताना आत्या मध्येच खोकलेली, ते काढायचं राहून गेलं होतं. वीस बायका एकदम खोकल्या. मांडवात कुणीच खोकलं नव्हतं. हळद लावणाऱ्या सवाष्णींचे हात जागच्या जागी थांबले, त्यातल्या गुणाबाईच्या हातातली वाटी पडली, आणि एका म्हाताऱ्यानं उठून हात जोडत विचारलं, की जुन्या धवलारणी आल्यात का.

"आल्यात," हौसाआत्या न अडखळता म्हणाली. "खोकू दे त्यांना. वाटेत धूळ लागली असल." आणि चौथं कडवं उचललं.

जेवणाच्या पंगतीत किशोर, अनिल आणि धर्मा हरेशच्या दोन्ही बाजूंना येऊन बसले. तिघांनाही त्यानंच आवतण दिलेलं.

"दादा, ह्या बायका कुठून काढल्यात?" धर्मानं विचारलं.

"शपथ हाय," हरेश म्हणाला.

"द्या म्हणतच नाय आमी," किशोर म्हणाला. "तुमची शपथ मोडायची नाय. आमी नुसतं माळ्यावर जाऊन बघतो."

बघायला काय हरकत, हरेशला वाटलं. दारात आलेल्याला बघूपण नाय म्हणायचं म्हणजे फारच झालं. त्यानं माळ्याची किल्ली दिली आणि जिलेबी वाढायला उठला. पाहुणे गेल्यावर प्रियांकानं माळ्यावर जाऊन घोळका पुसला, दोनदा तपासला, आणि समाधानानं झोपली.

लग्न आटपून ती ऐरोलीला ऑफिसात पोचली, तेव्हा कंपनीच्या हिशेबानं प्रियांका किन्हवली, सरळगाव आणि मुरबाड अशा तीन ठिकाणी बसून गाणी भरत होती, आणि मुरबाडहून तिच्या नावानं एक तक्रार आली होती, की बायका खोकत नाहीत.