काळ्या तेलाची पुटं

मॅक्सीनचा फोन आला तेव्हा आर्डिथ बीटाचं लोणचं बरण्यांत भरत होती. हात कोपरापर्यंत लाल झालेले, म्हणून फोन व्हर्लिनने घेतला. तो "हो" म्हणाला, "बरं" म्हणाला, मग पुन्हा "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवून त्याने खुंटीवरची चांगली टोपी काढली. चांगली टोपी फक्त चर्चला आणि मयताला. आर्डिथने बरणीचं झाकण जरा जास्तच पिळलं.

"ड्वेनच्या कोठारातली गाडी," तो म्हणाला. "वाचवण्यासारखी आहे का, बघून सांग म्हणतेय."

"त्यासाठी भंगारवाला असतो."

"गाडी माझी होती, आर्डी."

"आपली होती," आर्डिथ म्हणाली, पण तोवर जाळीचं दार आपटलं होतं.

आर्डिथच्या आधी व्हर्लिन दोन उन्हाळे मॅक्सीनला फिरवत होता. गावात हे कुणी बोलून दाखवत नसे, म्हणजेच कुणी विसरलंही नव्हतं. मग काय बिनसलं कोण जाणे, त्याने आर्डिथला मागणी घातली आणि मॅक्सीनने पुढच्याच वर्षी त्याचा मित्र ड्वेन याच्याशी लग्न केलं. दोन्ही जोडपी एकाच चर्चमध्ये, एकाच ओळीत बसत आली. चाळीस वर्षं आर्डिथने मॅक्सीनला हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि घरी येईपर्यंत तिच्या नव्या कोटाची शिवण मनातल्या मनात उसवली.

आणि मध्ये ती गाडी. व्हर्लिनने साखर कारखान्यातल्या पगारावर एकोणसत्तर साली घेतलेली शेव्हेल. गडद हिरवी, दोनच दारं, बॉनेटवर काळे पट्टे आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. लग्नानंतर आर्डिथ त्याच गाडीतून सासरी आली. पण जुळ्या मुली झाल्या. दोन पाळणे, दोन बाळं, दुधाच्या बाटल्या, आणि मागच्या सीटवर जायचं तर पुढची वाकवून शिरायचं. व्हर्लिनने गाडी विकली. विकली तीही ड्वेनला.

म्हणजे मॅक्सीनच्याच घरी गेली. त्यानंतर दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, मॅक्सीन पुढच्या सीटवर, डोक्याला पिवळा रुमाल बांधून, लोकांना हात करत जायची. आर्डिथ फुटपाथवर उभी असायची, एका काखेत एक मुलगी, दुसऱ्या काखेत दुसरी. हात करायला हातच मोकळा नसायचा.

आता ड्वेन गेला होता. वसंतात त्याला पुरलं, आणि मॅक्सीनला गाडी आठवली ऑक्टोबरात.

त्या दिवसापासून व्हर्लिनचे शनिवार मॅक्सीनच्या कोठारात जाऊ लागले. संध्याकाळी परत यायचा तेव्हा बाह्यांना गंज आणि मिशीला दालचिनीच्या केकचा चुरा. जेवताना तो गाडीचे हाल सांगायचा. मडगार्डं बिस्किटासारखी हातात येतात. डिकीचा तळ नाहीच. पायाखालचा पत्रा असा गेलाय की सीटवर बसलं तर जमीन दिसते. सांगताना त्याचे डोळे मात्र असे चमकत की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी आत्ताच कारखान्यातून बाहेर आली आहे.

"मग राहिलं काय?" आर्डिथ विचारायची.

"चासी बघायची राहिलीय."

चासी म्हणजे गाडीचा लोखंडी कणा. बाकीचा पत्रा आजकाल नवा मिळतो, कापायचा आणि जोडायचा. पण चासी गेली तर गाडी गेली, हे त्या भागात शेंबडं पोरही सांगेल. रस्त्यावर हिवाळाभर मीठ पडतं आणि ते खालून गाडीला खातं. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असे, तिथे म्हातारे याच विषयावर तुटून पडले. एक म्हणाला, इतका नवा पत्रा लावायचा तर जुनी गाडी वाचवली कसली, नव्या गाडीला जुन्या नावाने हाक मारायची एवढंच. दुसरा म्हणाला, तुझे गुडघे दोन्ही नवे आहेत, तुला काय हाक मारायची? सगळे हसले. व्हर्लिनही हसला आणि म्हणाला, चासी शाबूत निघाली तर आपण काम घेणार. तिथेच, ड्वेनच्या कोठारात. शेगडी आहे, हत्यारं आहेत, मॅक्सीनची ना नाही. दोन हिवाळ्यांत उभी करू.

आर्डिथने हातातला मासा ताटलीत परत ठेवला. दोन हिवाळे. त्यातले सगळे शनिवार. बाहेर बर्फ, आत शेगडी, केक आणि मॅक्सीन. या वयात माणसाजवळ शनिवार तरी किती उरलेले असतात? आणि ते त्या बाईच्या दारात नेऊन ओतायचे, एका सडलेल्या सवतीसाठी.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "उद्या मी येते."

व्हर्लिनने मान वळवून पाहिलं.

"तुझा खांदा वर जात नाही. गाडीखाली झोपून चासी कोण तपासणार? मॅक्सीन?"

"आर्डी, तू खरंच येशील?" त्याला मनापासून आनंद झाला. त्या आनंदाचा तिला आणखीनच राग आला.

सकाळी निघताना तिने स्वयंपाकघरातल्या खणातून लांब दांडीचा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. चासी तपासायची रीत साधी असते. टोचायचं. टणक आवाज आला तर लोखंड, आत गेला तर गंज. आणि चासी आधी कुठे सडते हे आर्डिथला पाठ होतं. मागच्या चाकाच्या वर, जिथे कमान चढते आणि चिखल साठून राहतो, तिथे. एक भोक पुरे होतं. भोक पडलं की शनिवार सुटले.

मॅक्सीनने केस सेट केले होते. कोठारात जायला, ओठांना लाली लावून. तिने कॉफी आणि केकची ताटली आणली आणि म्हणाली की कॉफीला साखर राहिली. व्हर्लिन उठला, घरात गेला आणि साखरेचा डबा घेऊन आला. कुठल्या कपाटात असतो, हे त्याला विचारावं लागलं नाही. आर्डिथने कॉफी बिनसाखरेची प्यायली.

गाडीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री होती. ती ओढताना व्हर्लिन पुन्हा चिडला. कोठाराची जमीन मातीची. मातीतली ओल वर येते, प्लास्टिकखाली कोंडते, आणि गाडी बारा महिने वाफेत शिजते. उघडी ठेवली असती तर बरी राहिली असती. पण ड्वेन बापडा, दर वर्षी ताडपत्री चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधायचा आणि वर थोपटायचा. बाळाला दुलईत गुंडाळावं तसं त्याने गाडीला गुदमरवलं होतं.

ताडपत्री निघाली आणि आर्डिथने चाळीस वर्षांनी ती गाडी जवळून पाहिली. हिरवा रंग कुठे कुठे खपल्यांसारखा उरलेला. दिव्यांच्या खोबणी रिकाम्या. दाराचा खालचा काठ उंदराने कुरतडल्यासारखा. तिला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. वाटलंही, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही.

व्हर्लिनने जॅक लावला, खाली लाकडी ओंडके सरकवले. आर्डिथ जुन्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकली. खाली ओल्या पानांचा आणि उंदरांचा वास. पायाखालच्या पत्र्यात तिने स्क्रूड्रायव्हर टोचला, तो ओल्या पावात जावा तसा गेला. पुन्हा टोचला. पुन्हा गेला. गंजाचा चुरा तिच्या हनुवटीवर पडला आणि तिला लहान मुलासारखी मजा वाटली. भोकातून वर सीटच्या स्प्रिंगा दिसत होत्या. इथेच बसायची ती, पिवळा रुमाल बांधून.

मग ती मागे सरकली, चाकाच्या वरच्या कमानीपाशी, आणि सगळा जोर लावून टोचलं.

स्क्रूड्रायव्हर घसरला. तिची बोटं आपटली. पुन्हा टोचलं, पुन्हा घसरला. तिथे काळं, जाड काहीतरी होतं, डांबरासारखं घट्ट झालेलं. तिने खरवडलं. पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक, मध्ये बारीक तपकिरी वाळू, त्याखाली परत काळं. तेलाचा वास आला. जुन्या, जळक्या, काळ्या तेलाचा.

आर्डिथचा हात थांबला.

ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, ते दोघे दर वर्षी हे करायचे. ट्रॅक्टरचं आणि ट्रकचं काढलेलं काळं तेल उन्हाळाभर कॉफीच्या डब्यात साठवायचं. कोरडा दिवस बघून गाडीच्या पोटाला खालून ब्रशने चोपडायचं. आणि मग तसंच, तेल टपकत असताना, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर गाडी पिटाळायची, म्हणजे धूळ उडून तेलावर बसते आणि कवच धरतं. मग मिठाची टाप नाही. इकडे सगळेच करतात. पण व्हर्लिन करायचा तसं कुणी करत नव्हतं. काचा उघड्या, रेडिओ मोठ्याने, मागे तपकिरी ढग शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा शेजारच्या म्हातारीला वाटलं, वणवा लागला. तिने आगीचा बंब बोलावला. बंब आला तेव्हा हे दोघे रस्त्याकडेला गाडी थांबवून दातांतली धूळ थुंकत हसत होते, आणि आर्डिथला हसता हसता उचकी लागली होती.

आणि गाडीखाली तीच जायची. व्हर्लिनचे खांदे तिथे मावतच नसत. ती काडीसारखी होती तेव्हा. ब्रश तिचा, हात तिचा.

खरवडलेल्या जागी कवचात काहीतरी रुतलं होतं. तिने नखाने काढलं. ब्रशचा केस. आखूड, पांढरा, डुकराच्या राठ केसांच्या त्या स्वस्त ब्रशचा, जो फार केस गाळायचा म्हणून ती व्हर्लिनला बोलायची. त्याच्या मागचं लोखंड करडं, स्वच्छ होतं, नव्या सुरीच्या पात्यासारखं.

"आर्डी?" वरून व्हर्लिन म्हणाला. "कसं आहे?"

पुठ्ठ्यावरून तिला त्याचे बूट दिसत होते आणि त्यांच्या शेजारी, जरा जास्तच शेजारी, मॅक्सीनचे. एक शब्द पुरे होता. सडली. व्हर्लिनला त्या खांद्याने गाडीखाली येता येत नव्हतं, तो तपासणार नव्हता. उद्या भंगारवाला आला असता, आणि हे लोखंडही घेऊन गेला असता.

"सांग की बाईसाहेब," मॅक्सीनचे बूट म्हणाले. "तुझं काम चांगलं होतं की नाही?"

"माझं काय काम?" आर्डिथ खालून म्हणाली.

"अगं, दर ऑक्टोबरला ड्वेनकडून ऐकलंय मी. 'आर्डिथ स्वतः खाली जायची. दिवस गेले होते तरी गेली. आर्डिथने कशी राखली होती गाडी.' माझे कान किटले. शेवटी म्हटलं ड्वेनला, मग बोलाव तुझ्या आर्डिथला. मी एकदासुद्धा गेले नाही खाली. तेलाचा हात लावला नाही. सडेना का, म्हटलं."

व्हर्लिनचे बूट एक पाऊल मागे सरकले, जसे शहाण्या पुरुषाचे बूट अशा वेळी सरकतात.

आर्डिथ गाडीखाली पडल्या पडल्या वरच्या भोकांकडे बघत राहिली. म्हणजे ती पिवळ्या रुमालवाली मिरवणुकीतून हात करत जात होती, तेव्हा फुटपाथवरच्या आर्डिथवर जळत होती. आधी समजलं असतं तर कितीतरी रविवार गोड गेले असते.

"चासी शाबूत आहे," ती म्हणाली.

व्हर्लिनने काय केलं ते तिला दिसलं नाही. पण त्याने जॅकवर हात ठेवला असावा, कारण गाडी किंचित हलली. ती सरकत बाहेर आली. तोंड काळं, केसांत गंज.

"शाबूत आहे, पण काम इथे व्हायचं नाही. गाडी माझ्या घरी येईल."

"घरी कुठे?" व्हर्लिन म्हणाला. "गॅरेजमध्ये तुझ्या बरण्या, तुझा फ्रीझर…"

"बरण्या तळघरात जातील."

मॅक्सीनने हातातला कप बशीत ठेवला. तिचा चेहरा उतरला, आणि तो गाडीसाठी उतरला नव्हता हे आर्डिथला कळायला चष्मा लागला नाही. कोठारात शनिवारी कुणीतरी हातोडा आपटत असलं की घरात माणूस असल्यासारखं वाटत असणार. क्षणभर आर्डिथला दया आली. पण शनिवार देण्याइतकी नाही.

"केक घेऊन यायला हरकत नाही," ती म्हणाली. "शनिवारी. पण गाडी उभी राहिली की पुढच्या सीटवर मी बसणार. तू मागे."

"मागे जायला पुढची सीट वाकवावी लागते," मॅक्सीन म्हणाली.

"मला माहीत आहे."

खरवडलेली जागा तशीच उघडी ठेवून गाडी हलवली तर पहिल्याच दमट रात्री तिथे गंज धरला असता. व्हर्लिन कोपऱ्यात तेल शोधू लागला. ड्वेनचा कॉफीचा डबा फळीवर होता, अर्धा भरलेला, वर धुळीची साय. शेजारी ब्रश, कोरा, कधी न वापरलेला. व्हर्लिनने दोन्ही आर्डिथपुढे धरले.

आर्डिथने ते घेतले आणि मॅक्सीनच्या हातात दिले.

"ड्वेनने मला बोलवायला हवं होतं ना? मी आले. आता तू जा खाली."

मॅक्सीनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या सेट केलेल्या केसांकडे बोट नेलं. मग खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला, पुठ्ठ्यावर बसली, आडवी झाली आणि हळूहळू आत सरकत गेली, बूट तेवढे बाहेर राहिले.

"कुठे लावू?" आतून आवाज आला.

"चाकाच्या वर. जाड लाव. कंजुषी करू नकोस."

ती तेल चोपडत असल्याचा चपचप आवाज येऊ लागला. आर्डिथ व्हर्लिनच्या शेजारी, जरा जास्तच शेजारी, जाऊन उभी राहिली. मग तिने ताटलीतला केकचा तुकडा उचलला आणि काळ्या बोटांनीच खाल्ला. केक खरोखरच चांगला झाला होता. ती स्वतः करायची त्यापेक्षा चांगला. दिवसभरात तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.