एकादशीच्या दिवशीचं लाल

१९६१ सालची माघातली एकादशी, सकाळचे दहा. शिरूर-दौंड रस्त्यावरच्या एका वाडीतली सोसायटीची कचेरी. चेअरमन हौसराव खोकले आणि माझ्यात थुंकले. थुंकी लाल होती.

मी पिकदाणी बोलतेय. पितळेची, रुंद तोंडाची. पुण्याच्या तांबट आळीत मला ठोकून घडवलं, तेव्हा कारागीर चिंचेनं घासता घासता म्हणाला होता, मोठ्या बैठकीत बसशील. बसले. आठ वर्षं मोठ्या माणसांची तोंडं आतून पाहिली.

माणसाला आपल्याच थुंकीकडं बघवत नाही. थुंकतो आणि मान फिरवतो. पानाचा चोथा, विडीची थोटकं, उष्टा चहा, सगळं माझ्यात. निम्मं नेम चुकून फरशीवर. ते पुसायला नकुशी. ती रोज मला उघड्या हातानं उचलते, मागं नेते, राखेनं घासते. म्हणून पानाचा लाल आणि रक्ताचा लाल वेगळा असतो, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. पानाचा लाल विटकरी, त्यात चोथा. रक्त फेसाळ असतं आणि काठाला चिकटून वाळतं.

हौसरावांचा खोकला दिवाळीपासूनचा. संक्रांतीपर्यंत कोट खांद्यावरून घसरू लागला. दिवस कलला की अंगात कणकण, मग शाल लपेटून बसायचे. कचेरीच्या तीन पायऱ्या चढल्या की खांब धरायचे. सगळे बघत होते आणि सगळे म्हणत होते, आबांवर कामाचा ताण फार.

त्या एकादशीला नकुशीनं मला उचललं आणि ती दारातच थबकली.

"आबा, आज एकादस. तुमी पान खाल्लं न्हाई. मंग ह्ये लाल कशाचं?"

सेक्रेटरी बाळासो हसले. "पिकदाणीत बघून निदान करती व्हय? उद्यापास्नं तुलाच डाक्टरीण नेमू."

बैठक हसली. हौसराव म्हणाले, उष्णता हाय, सब्जा घेतो. नकुशीला हुकूम झाला, पिकदाणी न्यायची, आत बघायचं नाही.

कारण निवडणूक महिन्यावर आली होती. क्षयाचा बोभाटा झाला असता तर त्यांच्या शेजारी बसून कुणी चहासुद्धा प्यायला नसता, मत देणं दूरच. बाळासोंनी तोड काढली. पुढच्या एकादशीला माळकरी हौसरावांच्या तोंडात सकाळपासून विडा होता. उपासाला विडा कसा, असं एकानंही विचारलं नाही. व्रत मोडलेलं चाललं, रक्त दिसलेलं चालणार नव्हतं. आठ वर्षांत मला थुंकीची किळस आली नव्हती. त्या दिवशी माणसांची आली.

हौसराव निवडून आले. चैत्रात भर सभेत त्यांच्या तोंडातून गुळणीभर रक्त पडलं, तेव्हा जीप निघाली. दौंडच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डावं फुप्फुस जवळजवळ गेलेलं. तिथल्या नर्स दबोराबाईंनी काय विचारलं, ते बाळासोंनीच परत आल्यावर पडेल आवाजात सांगितलं.

"लाल पहिल्यांदा कुणाला दिसलं? तेव्हाच का नाही आणलंत?"

बाळासोंनी उत्तर दिलं होतं, आम्हाला पानाचंच वाटलं.

वाटलं नव्हतं. वाटून घेतलं होतं. म्हणून तुम्हाला सांगते, खोकला तीन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप भरू लागला, कपडे ढगळ झाले, दम लागू लागला, तर ताण आणि उष्णता म्हणत बसू नका. छाती दाखवा. थुंकीत रक्ताचा एक थेंब दिसला तरी त्याच दिवशी जा. आणि थुंकल्यावर मान फिरवू नका. बघा.

दबोराबाईंनी बजावलं होतं, आबांच्या सहवासातल्या प्रत्येकाला तपासणीला आणा. बाळासोंनी यादी केली. सतरा नावं. जीपच्या तीन खेपांत सगळे जाऊन आले.

नकुशी ज्येष्ठापासून खोकतेय. यादीत तिचं नाव नाही.