ओठातल्या ग्रंथी

भाऊ गेला त्या दिवशी वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळं घर धाय मोकलून रडत होतं आणि ही बाई कोपऱ्यात कोरडी ठणठणीत. नणंदेचं टाळकंच सरकलं. "दगड आहे ही, दगड! माझ्या भावाने दगडाशी संसार केला," असं ती चारचौघांत बोलून गेली. तेव्हापासून आठ महिने दोघींत शब्द नाही.

नणंद इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचा आणि रंगवून, काचेवर डॉक्टरांपुढे ठेवायचा. ग्रंथी तर तिला तोंडपाठ. बिननळीच्या आपला रस थेट रक्तात सोडतात. नळीवाल्यांचा नळीतून बाहेर येतो, घाम, लाळ, अश्रू. नव्या पोरींकडून ती हे दटावून घोकून घ्यायची.

त्या सकाळी एका डबीवर वहिनीचं नाव होतं. खालच्या ओठाच्या आतून काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. 'तोंडाला सतत कोरड', एवढंच चिठ्ठीत. तिचा हात थबकला, पण काम ते काम. दुसऱ्या दिवशी काच तयार झाली तेव्हा तिला राहवेना. डॉक्टरांच्या आधी तिनेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाळेच्या ग्रंथी कशा द्राक्षांच्या घडासारख्या दिसायला हव्यात. इथे घड कुठला नि काय! नळ्यांभोवती पांढऱ्या पेशींची झुंबड, आणि बरेचसे मणी फस्त.

मग डॉक्टरांनी पाहिलं. "शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उठलंय. लाळेच्या गेल्या तशा अश्रूंच्याही गेल्या असणार. या बाईला कित्येक वर्षांत धड रडता आलं नसेल."

नणंदेने पुन्हा एकदा त्या काचेत डोकावून पाहिलं. बावीस वर्षं ग्रंथी कापल्या, दुसऱ्यांना शिकवल्या, आणि घरच्या माणसाच्या वेळी एकदाही हे मनात येऊ नये? जळलं मेलं ते ज्ञान!

संध्याकाळी ती वहिनीच्या दारात उभी राहिली. वहिनीने काही न विचारता आत घेतलं, पाण्याचा पेला पुढे ठेवला. नणंदेने काचेवर काय दिसलं ते सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला हुंदका फुटला.

"चुकले मी, वहिनी. पण तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलू, वन्सं? मलाच वाटायला लागलं होतं, मी खरंच दगड असेन."

नणंद घाईघाईने डोळे पुसायला गेली. वहिनीने तिचा हात धरला.

"पुसू नका. रडा. माझ्या वाटचंही रडा."